सामाजिक विज्ञानांचे तत्त्वज्ञान

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानवशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र आणि काही अंशी इतिहास ह्या ज्ञानशाखांचे स्वरूप, त्यांच्या पद्धती व त्यांमागील गृहीते ह्यांची चिकित्सा करणारी तत्त्वज्ञानाची एक शाखा. एखाद्या प्रदेशात जननप्रमाण का घटले, हा सामाजिक विज्ञानाचा प्रश्न होय. तर अशा प्रश्नाचे कोणते उत्तर ‘स्पष्टीकरण’ ह्या संज्ञेस पात्र ठरते, हा सामाजिक विज्ञानांच्या तत्त्वज्ञानाचा प्रश्न होय. समाजजीवनाला नियम असतात काय, समाज म्हणजे व्यक्तींची बेरीज की त्याहून वेगळे काही, अभ्यासकाला आपली मूल्ये बाजूला ठेवता येतात काय, असे अनेक प्रश्न ह्या शाखेत मोडतात. तथापि त्या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : भौतिकी, रसायनशास्त्र, जीवविज्ञान इ. निसर्गविज्ञानांनी ज्या पद्धतीने यश मिळविले, तीच पद्धत माणसाच्या अभ्यासाला पुरेशी आहे काय?

ह्या प्रश्नाला स्थूलमानाने दोन उत्तरे दिली गेली आहेत. निसर्गवादी मतानुसार विज्ञानाची पद्धत एकच असून सामाजिक विज्ञाने फक्त वयाने लहान आहेत. आकलनवादी मतानुसार मानवी कृती अर्थपूर्ण असतात आणि अर्थ मोजता येत नाही, तो उमजावा लागतो. म्हणून दोहोंच्या पद्धती मुळातच भिन्न होत. हा वाद केवळ तात्त्विक नाही. जनगणनेत माणसांचे वर्ग कोणते पाडावयाचे, एका गावी यशस्वी झालेली योजना दुसरीकडे लागू करावयाची किंवा नाही, गुन्हेगारीच्या आकड्यांवरून कोणता निष्कर्ष काढावयाचा, ह्यांविषयीचे निर्णय ह्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आयझॅक न्यूटनचा प्रिन्सिपिया हा ग्रंथ १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रहांची गती आणि जमिनीवर पडणाऱ्या वस्तूची गती एकाच नियमाने स्पष्ट होते, हे त्याने दाखविले. समाजालाही असेच नियम असावेत, ही अपेक्षा त्यानंतरच्या शतकात बळावली. आडॉल्फ केतले (१७९६–१८७४) ह्या बेल्जियन ज्योतिर्विदाने विवाह, गुन्हे व मृत्यू ह्यांची आकडेवारी तपासली. गुन्हा करण्याचा निर्णय प्रत्येक व्यक्ती स्वतंत्रपणे घेते. तरीही गुन्ह्यांची वार्षिक संख्या जवळजवळ स्थिर राहते, असे त्याला आढळले. १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ह्या अभ्यासाला ‘सामाजिक भौतिकी’ असे नाव दिले. ऑग्यूस्त काँत (१७९८–१८५७) ह्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने हीच संज्ञा प्रथम वापरली होती. पुढे १८३९ च्या सुमारास तिच्याऐवजी त्याने ‘समाजशास्त्र’ ही नवी संज्ञा रूढ केली. त्याच्या प्रत्यक्षार्थवादानुसार ज्ञान ईश्वरशास्त्रीय व सत्ताशास्त्रीय अवस्थांतून जाऊन अखेर प्रत्यक्षार्थी म्हणजे वैज्ञानिक अवस्थेला पोहोचते आणि समाजशास्त्र ही ह्या प्रवासातील शेवटची पायरी होय.

जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) ह्याने तर्कशास्त्रावरील आपल्या ग्रंथात (१८४३) अधिक सावध भूमिका घेतली. त्याने मानवस्वभावाच्या विज्ञानाची तुलना खगोलशास्त्राशी न करता भरती-ओहोटीच्या शास्त्राशी केली. चंद्र व सूर्य ह्यांच्या आकर्षणामुळे भरती येते हे निश्चितपणे सांगता येते. परंतु एखाद्या बंदरात पाणी नेमके किती चढेल, हे वारा व समुद्रतळ ह्यांसारख्या स्थानिक कारणांवरही अवलंबून असते. सामाजिक विज्ञानाची अनिश्चितता अशीच कारणांच्या गुंतागुंतीतून येते, नियमांच्या अभावातून नव्हे, असे मिलचे म्हणणे होते.

निसर्गवादी परंपरेतील सर्वांत प्रभावी संशोधन एमील द्यूरकेम (१८५८–१९१७) ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे होय. सामाजिक तथ्ये ‘वस्तू’ म्हणून अभ्यासावीत, असा दंडक त्याने १८९५ मध्ये घालून दिला. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्महत्येवरील ग्रंथात त्याने तो वापरून दाखविला. आत्महत्या ही वरवर अत्यंत खाजगी कृती. परंतु तिचे प्रमाण कॅथलिक समाजापेक्षा प्रॉटेस्टंट समाजात आणि विवाहितांपेक्षा अविवाहितांत अधिक असल्याचे त्याला दिसून आले. व्यक्ती समाजाशी किती बांधलेली आहे ह्यावर हे प्रमाण अवलंबून असते, असा निष्कर्ष त्याने काढला. व्यक्तीच्या मनात न शिरताही समाजाविषयी काही सांगता येते, हे ह्या ग्रंथाने दाखविले. पुढे जॅक डग्लस ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये त्यावर एक मूलगामी आक्षेप घेतला. एखादा मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदला जावा की अपघात म्हणून, हे कोणीतरी अधिकारी ठरवीत असतो. मृताचे आप्त ती गोष्ट लपवू पाहतात. आणि जेथे आत्महत्या हे पाप मानले जाते, तेथे लपविण्याची निकड अधिक असते. म्हणजे ज्याला द्यूरकेमने वस्तू मानले, तो आकडाच माणसांनी लावलेल्या अर्थांतून तयार झालेला असतो.

आकलनवादी परंपरा : व्हिल्हेल्म डिल्टाय (१८३३–१९११) ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १८८३ मध्ये निसर्गविज्ञाने व मानव्यविद्या ह्यांमध्ये मूलभूत भेद केला. निसर्गाचे आपण स्पष्टीकरण करतो, मनोजीवनाचे मात्र आकलन करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. व्हिल्हेल्म व्हिंडेलबांट ह्याने १८९४ मध्ये हा भेद निराळ्या प्रकारे मांडला. काही विज्ञाने सार्वत्रिक नियमांचा शोध घेतात, तर काही एकमेव, पुन्हा न घडणाऱ्या घटनेचे वर्णन करतात. भेद विषयात नसून अभ्यासकाच्या उद्दिष्टात आहे, असे तो मानी.

माक्स वेबर (१८६४–१९२०) ह्याने ह्या दोन परंपरांना जोडण्याचा प्रयत्न केला. त्याच्या मते समाजशास्त्राने सामाजिक कृतीचे आकलन करावे आणि त्या आकलनाच्या आधारे तिचे कारणात्मक स्पष्टीकरणही द्यावे. कर्त्याच्या दृष्टीने कृतीचा अर्थ काय, हे कळल्यावाचून ती कृती कोणती हेच सांगता येत नाही. पण अर्थ पटण्याजोगा वाटला म्हणजे तो खरा ठरतो असेही नाही, तो पुराव्याने पडताळून पाहावा लागतो. प्रॉटेस्टंट नीती व भांडवलशाही ह्यांच्या संबंधावरील १९०४-०५ मधील त्याचे निबंध ह्या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण होय. मूल्यनिरपेक्षतेचा त्याचा आग्रहही सर्वश्रुत आहे. अभ्यासविषयाची निवड मूल्यांवर अवलंबून असते, हे तो मान्य करी. परंतु निष्कर्ष काय निघावा हे मूल्यांनी ठरवू नये, असे त्याचे मत होते. गुन्नार मीर्दाल ह्या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतील वर्णभेदावरील आपल्या ग्रंथात (१९४४) त्यापुढचे पाऊल टाकले : मूल्ये टाळता येत नसतील, तर अभ्यासकाने ती उघडपणे सांगावीत, म्हणजे वाचकाला त्यांचा हिशेब करता येईल.

विसाव्या शतकातील वाद : व्हिएन्ना वर्तुळातील तार्किक प्रत्यक्षार्थवाद्यांनी एकात्म विज्ञानाचा पुरस्कार केला. ह्या विचाराच्या प्रभावाखाली कार्ल हेंपेल (१९०५–९७) ह्याने १९४२ मध्ये असे प्रतिपादले, की इतिहासातील स्पष्टीकरणाचे तार्किक रूपही निसर्गविज्ञानातील स्पष्टीकरणासारखेच असते. एखादी घटना स्पष्ट करणे म्हणजे सार्वत्रिक नियम व प्रारंभीची परिस्थिती ह्यांवरून तिचे निगमन करणे होय. कडाक्याच्या थंडीत पाण्याचा नळ फुटला, तर गोठताना पाणी प्रसरण पावते हा नियम आणि नळ पाण्याने भरलेला होता ही परिस्थिती ह्यांवरून ते फुटणे निष्पन्न होते. अडचण अशी, की राज्यक्रांती का झाली ह्याचे उत्तर देताना इतिहासकाराला असा एकही सार्वत्रिक नियम सहसा दाखविता येत नाही. तरीही त्याचे उत्तर निरुपयोगी असते असे कोणी म्हणत नाही.

कार्ल पॉपर (१९०२–९४) ह्याने तर्क मांडणे व त्यांचे खंडन करण्याचा कसून प्रयत्न करणे ही पद्धत सर्व विज्ञानांना समान मानली. मात्र इतिहासाच्या वाटचालीचे नियम शोधून भविष्य वर्तविता येते, ह्या समजुतीवर त्याने कठोर टीका केली. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : समाजाची वाटचाल ज्ञानाच्या वाढीवर अवलंबून असते, उद्या मिळणारे ज्ञान आज मिळू शकत नाही, मिळाले तर ते उद्याचे राहत नाही, म्हणून समाजाच्या भविष्याचे वैज्ञानिक भाकीत अशक्य होय.

पीटर विंच (१९२६–९७) ह्या ब्रिटिश तत्त्ववेत्त्याने १९५८ मध्ये लूटव्हिख व्हिट्गेन्श्टाइनच्या भाषाविषयक विचारांच्या आधारे अगदी उलट टोकाची भूमिका घेतली. सामाजिक वर्तन हे नियमानुसारी वर्तन असते. येथे नियम म्हणजे निसर्गनियम नव्हे, तर पाळता येतो आणि मोडताही येतो असा संकेत. उदा., ग्रामसभेत एका माणसाचा हात वर जातो. शरीरक्रियाविज्ञान स्नायूंच्या आकुंचनाचे संपूर्ण वर्णन देऊ शकेल. पण त्या माणसाने मत दिले, बोलण्याची परवानगी मागितली की डास हाकलला, हे त्या वर्णनातून कळणार नाही. सभा, ठराव व मतदान ह्यांचे संकेत ज्याला ठाऊक आहेत, त्यालाच ते कळेल. विंचच्या ह्या मुद्याचे बळ आजही मान्य केले जाते. तथापि त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. माणसे आपल्या कृतीचे जे कारण सांगतात, तेच खरे कारण असेल असे नाही. शिवाय अनेक सामाजिक परिणाम कोणाच्याही हेतूत नसतात. टंचाईच्या भीतीने प्रत्येक कुटुंब थोडे अधिक धान्य साठविते आणि त्यामुळेच टंचाई निर्माण होते. ती कोणालाही नको असते.

अमेरिकन विज्ञानेतिहासकार टॉमस कून (१९२२–९६) ह्याच्या १९६२ मधील ग्रंथाने वादाची दुसरी बाजू हलविली. १९५८-५९ मध्ये तो स्टॅनफर्ड येथील एका संस्थेत सामाजिक शास्त्रज्ञांच्या सहवासात होता. आपल्या विषयातील मूलभूत प्रश्न व पद्धती ह्यांबद्दल ते जितके मतभेद व्यक्त करतात तितके भौतिकीतज्ञ करीत नाहीत, हे त्याला तेथे जाणवले. ह्या फरकाचा विचार करताना त्याला वैज्ञानिक समुदायाने स्वीकारलेल्या ‘प्रतिमाना’ची संकल्पना सुचली. निसर्गविज्ञानही परंपरा, शिक्षण व समुदायाची संमती ह्यांवर उभे असते, असे दिसून आल्यामुळे निसर्गविज्ञान म्हणजे शुद्ध निरीक्षण ही कल्पना मागे पडली. शिवाय भूविज्ञान, क्रमविकासाचा अभ्यास व विश्वस्थितिशास्त्र ही निर्विवादपणे निसर्गविज्ञाने असूनही त्यांना एकदाच घडलेल्या इतिहासाचा मागोवा घ्यावा लागतो. ‘निसर्गात प्रयोग व नियम, समाजात वर्णन व अर्थ’ ही सरळ विभागणी म्हणून टिकत नाही.

जातिसंस्थेच्या अभ्यासाचे उदाहरण : दोन्ही पद्धतींचे बळ व धोके भारतातील जातिसंस्थेच्या अभ्यासात एकत्र पाहावयास मिळतात. ब्रिटिश प्रशासक हर्बर्ट रिझ्ली ह्याने जात ही मुख्यतः वंशभेदातून निर्माण झाली, असे मत मांडले व त्यासाठी मानवमितीचा आधार घेतला. नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे नासिका निर्देशांक. हा निर्देशांक जितका मोठा, तितकी जातीची सामाजिक प्रतिष्ठा कमी, असा संबंध त्याने प्रतिपादन केला. मोजमाप होते, आकडे होते, नियमाचे रूपही होते. निसर्गविज्ञानाची सर्व बाह्य लक्षणे ह्या उपपत्तीत होती. गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांनी आपल्या १९३२ च्या ग्रंथात हीच मोजमापे पुन्हा तपासली, तेव्हा तत्कालीन संयुक्त प्रांताच्या परिसराबाहेर हा संबंध टिकत नसल्याचे दिसून आले. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांनीही अस्पृश्यतेच्या उगमावरील १९४८ च्या ग्रंथात मानवमितीच्या आकड्यांचाच उपयोग करून वंशभेदाची उपपत्ती नाकारली. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे : मोजमापाची चूक मोजमाप टाकून देऊन नव्हे, तर ते अधिक काटेकोरपणे वाचून सिद्ध झाली.

त्याहूनही बोधप्रद असा आंबेडकरांचा पूर्वीचा निबंध होय. कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी तो ९ मे १९१६ रोजी वाचला. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात जातीची दोन लक्षणे सांगितली होती : जन्मसिद्ध सदस्यत्व आणि जातीबाहेर विवाहाला बंदी. ही एकाच नाण्याच्या दोन बाजू असून अंतर्विवाह हेच जातीचे सार होय, असे आंबेडकरांनी दाखविले. त्यापुढील त्यांचा युक्तिवाद जवळजवळ गणिती आहे. जो गट केवळ आपल्यातच विवाह करू पाहतो, त्याला विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राखणे भाग पडते. पती वा पत्नी ह्यांपैकी एकाचा मृत्यू झाला, की दुसरी व्यक्ती ‘अतिरिक्त’ ठरते आणि गटाची सीमा मोडण्याचा धोका उत्पन्न होतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालिकाविवाह ह्या रूढी हा धोका टाळण्याचे उपाय म्हणून आल्या. त्यांचे उदात्तीकरण करणारे तत्त्वज्ञान मागाहून रचले गेले. इतर गटांत जात कशी पसरली हे स्पष्ट करताना त्यांनी वरिष्ठांच्या अनुकरणाच्या प्रक्रियेचा आधार घेतला. ह्या स्पष्टीकरणात संख्येचा समतोल हा निसर्गविज्ञानाला मान्य होईल असा कारणात्मक दुवा आहे. परंतु तो समतोल का राखावा लागतो, हे जातीबाहेरचा विवाह निषिद्ध मानण्याचा संकेत समजून घेतल्यावाचून कळत नाही. शिवाय रूढी पाळणारे तिचे जे समर्थन करतात, त्यावर हे स्पष्टीकरण विसंबत नाही. कारण आणि अर्थ ही दोन्ही एकाच उपपत्तीत परस्परपूरक कशी होतात, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

वर्णनाचा वर्ण्यविषयावर परिणाम : रिझ्लीच्या देखरेखीखाली झालेल्या १९०१ च्या जनगणनेत जातींची मांडणी सामाजिक श्रेष्ठकनिष्ठतेनुसार करण्यात आली. परिणामी आपल्या जातीला वरचे स्थान अथवा नवे नाव मिळावे म्हणून अर्जांचा पूर लोटला. १९११ च्या जनगणनेच्या वेळी एकट्या बंगालमध्ये आलेल्या अशा अर्जांचे वजनच दीड मण भरल्याची नोंद आहे. जातिसभा संघटित झाल्या, वंशावळी लिहिल्या गेल्या आणि जी श्रेणी केवळ नोंदवावयाची होती, ती नोंदणीमुळेच हलू लागली. सामाजिक व नैसर्गिक विज्ञानांतील सर्वांत खोल भेद येथे दिसतो. इलेक्ट्रॉनला आपले वर्गीकरण ठाऊक नसते; माणसाला ते ठाऊक होते आणि तो त्यानुसार किंवा त्याविरुद्ध वागू लागतो. कॅनडियन तत्त्ववेत्ता इअन हॅकिंग (१९३६–२०२३) ह्याने वर्ग आणि वर्गीकृत माणसे ह्यांच्या अशा परस्परपरिणामाचे सविस्तर विवेचन केले आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन ह्याने १९४८ मध्ये ‘स्वयंपूर्त भाकिता’ची संकल्पना मांडली होती. सुस्थितीतील बँक बुडणार अशी अफवा उठली आणि सर्व ठेवीदारांनी त्याच दिवशी पैसे मागितले, तर बँक खरोखरच बुडते. रॉबर्ट लूकस ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये हाच मुद्दा धोरणांच्या संदर्भात मांडला : धोरण बदलले की लोकांच्या अपेक्षा बदलतात, म्हणून जुन्या धोरणाच्या काळातील आकड्यांवरून नव्या धोरणाचा परिणाम वर्तविणे विश्वसनीय ठरत नाही.

प्रयोगपद्धती व तिच्या मर्यादा : समाजावर प्रयोग करता येत नाहीत, हा जुना समज अलीकडे बराच शिथिल झाला आहे. मुंबई व बडोदे येथील शाळांत ह्या शतकाच्या आरंभी झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ‘प्रथम’ ह्या संस्थेच्या उपक्रमात वाचन व अंकगणित ह्यांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी, म्हणजे ‘बालसखी’, वेगळे बसवून शिकवीत असे. बालसखी कोणत्या शाळांना द्यावयाची हे यदृच्छ निवडीने ठरविल्यामुळे इतर शाळांशी विश्वसनीय तुलना शक्य झाली आणि मुलांच्या गुणांत सुधारणा झाल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. अशा प्रयोगांच्या पुरस्काराबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो व मायकेल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु प्रयोगाने ‘येथे परिणाम झाला’ हे सिद्ध होते. ‘सर्वत्र होईल’ हे नव्हे. केन्यामध्ये कंत्राटी शिक्षक नेमण्याची योजना स्वयंसेवी संस्थेने राबविली, तेथे मुलांचे गुण वाढले. तीच योजना शासकीय यंत्रणेने राबविली, तेथे तसा परिणाम आढळला नाही. योजना कोण राबवितो आणि लोक त्याकडे कसे पाहतात, हाही कारणांचाच भाग असतो. मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यासांची पुनरावृत्ती करणाऱ्या एका सामूहिक प्रकल्पात (२०१५) सु. ३६ टक्के अभ्यासांतच संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय परिणाम पुन्हा मिळाला, ही गोष्टही सावधगिरी शिकविणारी आहे.

मूल्यमापन : सामाजिक विज्ञाने ही अपरिपक्व निसर्गविज्ञाने होत, हे मत जसे एकांगी आहे, तसेच त्यांचा निसर्गविज्ञानाशी काहीच संबंध नाही, हे मतही एकांगी आहे. पुरावा जाहीर असावा, तर्क खंडनाला खुला असावा, मोजमाप कसून तपासावे, ह्या कसोट्या दोहोंना समान आहेत. परंतु सामाजिक विज्ञानाला आणखी दोन जबाबदाऱ्या पार पाडाव्या लागतात. ज्यांचा अभ्यास करावयाचा त्यांच्या दृष्टीने त्यांच्या कृतीचा अर्थ काय, हे त्याला समजून घ्यावे लागते आणि आपल्या वर्गीकरणाचा त्या माणसांवर काय परिणाम होईल, ह्याचाही विचार करावा लागतो. १९५१ पासूनच्या दशवार्षिक जनगणनांत अनुसूचित जाती व जमाती वगळता जातवार नोंदी घेण्यात आल्या नाहीत. आगामी जनगणनेत सर्व जातींची गणना करण्याचा निर्णय केंद्र शासनाने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. विषमता किती आहे हे मोजल्यावाचून ती दूर करता येत नाही, असे एक पक्ष म्हणतो. मोजण्याने ज्या ओळखी पुसावयाच्या त्याच दृढ होतात, असे दुसरा म्हणतो. पहिल्या पक्षाचा भर तथ्यावर आहे, दुसऱ्याचा तथ्य नोंदविण्याच्या परिणामावर. केतलेच्या आकडेवारीपासून सुरू झालेला प्रश्न अशा रीतीने शासनव्यवहारातही उभा राहतो आणि दोन्ही बाजूंचा विचार केल्यावाचून त्याचे जबाबदार उत्तर देता येत नाही.